एका कानाने लावलेला पियानो

नाद हेच ब्रह्म, असं मोठी माणसं सांगतात, आणि माझं सगळं आयुष्य नादातच गेलं. म्हणजे टर्बाइनच्या नादात, बत्तीस वर्षं. त्यात डावा कान गेला, ब्रह्म काही भेटलं नाही.

तुम्ही लिहून घेताय म्हणून जरा शहरी बोलतोय, घरी आमची अहिराणीच. गाव शिंदखेडा तालुक्यातलं, नरडाणा स्टेशनला उतरलं की तासभर पायी. वडील शिंपी, दिवसा मशीन आणि संध्याकाळी भजनी मंडळात बाजाची पेटी. त्यांचं एकच म्हणणं, पंचम हालना म्हंजे बठ्ठं गयं, सगळं गेलं. सा आणि प असे चिकटले पाहिजेत की मधून दोरा जाऊ नये. मला पेटी काही आली नाही, बोटं जाड, पण कान त्यांचा आला. नंतर धुळ्याला आयटीआय केलं, फिटर झालो आणि दीपनगरच्या वीज केंद्रात लागलो.

आता फिटरला कान कशाला लागतो, असं तुम्ही विचाराल. काय सांगू तुम्हाला, कानच लागतो. लोखंडी सळई घ्यायची, एक टोक बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाच्या हाडावर, की मशीनच्या पोटातलं सगळं ऐकू येतं, कुठे कोरडं पडलंय, कुठे गोळी फुटलीय. साहेब लोक कानात घालायला बोळे द्यायचे, ते मी खिशात ठेवायचो, कारण बोळे घातले तर मशीन काय म्हणतंय ते कळणार कसं. चूक माझीच. डॉक्टर म्हणाले, डावा संपला, उजवाही बारीक आवाज सोडायला लागलाय. आमची मंडळी, कमल, म्हणाली, तुमना एक कान गयेल शे, दुसराले तरी सुखे ऱ्हाऊ द्या. मी म्हटलं, देतो. आणि रिटायर होऊन भुसावळला घर बांधलं, तेही रेल्वेलाईनच्या शेजारी.

रिटायर झालेल्या फिटरला लोक पंपासाठी बोलावतात. तसं लाईनपलीकडच्या चर्चमधून बोलावणं आलं, दिवाळी नुकतीच झाली होती. पंप हॉलच्या मागच्या भिंतीला. मी सवयीने सळई लावून उकिडवा बसलोय, तर मागून आवाज आला, काय ऐकतोस रे तिथे? पाहिलं तर एक म्हाताऱ्या बाई, पांढरी साडी, हातात काठी, बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वाकडी झालेली. मी म्हटलं, बाई, बेअरिंग ऐकतोय. काय म्हणतंय? म्हटलं, महिनाभर काढेल. त्या म्हणाल्या, मग ते राहू दे महिनाभर, आत ये.

या फ्लोराबाई. शाळेत शिकवायच्या, आता ऐंशीच्या पुढे. वडील इंजिन ड्रायव्हर. आत हॉलच्या कोपऱ्यात कपाटासारखा काळा पियानो, वर फुलदाणी, दोन मोडके पंखे आणि नाताळच्या चांदण्यांचं खोकं. बाई लहानपणापासून त्याच्यावर वाजवत आलेल्या. पूर्वी मुंबईहून माणूस यायचा तारा लावायला, तो वारला, त्यानंतर कोणी हात लावलेला नाही. बाईंनी एक पट्टी दाबली. अहो, एका पट्टीला आत तीन तारा असतात, तिन्ही एका सुरात पाहिजेत, आणि इथे तीन सुना एका स्वयंपाकघरात बोलाव्यात तशा तिन्ही वेगळ्या.

बाईंनी विचारलं, काय ऐकलंस? मी म्हटलं, आवाज हिंदकळतोय, वाँव, वाँव, वाँव. आमच्याकडे दोन मोठे पंखे शेजारी शेजारी चालायचे, एकाचा वेग केसभर कमी असला की दोघांचा आवाज मिळून असाच हिंदकळायचा, वेग जुळला की गप्प. बाई म्हणाल्या, लोकांना हे ऐकायला शिकवायला मला महिने लागले असते. पंख्याला तू काय करायचास? म्हटलं, सारखा करायचो. मग हा कर.

मग त्यांनी खरं सांगितलं. चर्चच्या कमिटीने ठरवलं होतं की पियानो भंगारात द्यायचा. गावातले एक शेठजी निवडणुकीला उभे राहणार होते, ते इलेक्ट्रिकचा कीबोर्ड भेट देणार होते, नव्या वर्षात जागा रिकामी पाहिजे. बाईंनी भांडून एवढंच मिळवलं होतं, की नाताळच्या प्रार्थनेला पियानो सुरात वाजला तर पुन्हा विचार करू. कमिटीचे अध्यक्ष रिटायर तिकीट तपासनीस, ते मला म्हणाले, मिस्त्री, एका कानाने कसं जमणार? मी म्हटलं, साहेब, दोन कानवाल्यांनी इतकी वर्षं काय केलं?

बोलून गेलो खरा. घरी आल्यावर घाम फुटला.

मुंबईवाल्याची खुंट्या पिळायची किल्ली पियानोच्या आतच पडलेली होती. एक तार लावताना शेजारच्या दोन गप्प करायला पाचर लागते, ती मी मशीनच्या जुन्या पट्ट्याच्या रबराची कापली. बाईंकडे नादकाटा होता, शाळेत विज्ञानाच्या तासाला असतो तसला. आणि पहिल्याच दिवशी पराक्रम केला. किल्ली एका खुंटीवर आणि कान दुसऱ्याच तारेवर. मी पिळतोय, आवाज बदलत नाही, अजून पिळतोय, आवाज बदलत नाही, आणि फाटकन तार तुटली ती गालावर. कमल हळद लावताना म्हणाली, बठ्ठा जलम मोठ्ला मशीन संगे काढा, काही व्हयनं नही, नि आते पेटीनी मारं तुमले! बाई म्हणाल्या, सगळ्यांची एक तुटते. तुझी तुटून झाली, आता काम कर.

रोज सकाळी जायचो. बाई डोळे मिटून खुर्चीवर, मी किल्ली धरून. हिंदकळणं मंद होत होत थांबलं की बाई एक बोट वर करायच्या. आठवड्याभरात त्यांच्या बोटाआधी माझा हात थांबायला लागला. एका पट्टीच्या तीन तारा जुळवणं मला आलं, आणि मला वाटलं, आता काय, झालंच. फिटरला असं वाटलं की समजावं, खरा बिघाड पुढे आहे.

कारण पट्टी पट्टीशी जुळायला पाहिजे ना. पद्धत अशी, की एका पट्टीवरून तिचा पंचम लावायचा, मग त्या पंचमाचा पंचम, असं बारा घरं फिरून पुन्हा पहिल्या पट्टीवर यायचं. मला तर आनंदच झाला, पंचम म्हणजे आमच्या घरचा. एक एक असा लावला की वडील असते तर उठून उभे राहिले असते, मधून दोरा जाणार नाही. अकरा लावले. आणि बारावा वाजवला तर काय सांगू तुम्हाला, दारात शेपटी सापडलेल्या मांजरासारखा ओरडला.

मला वाटलं खुंटी सरकली. पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा मांजर. म्हटलं लाकूड फुगलं असेल, तार जुनी असेल, गाडी गेली त्याची थरथर असेल. चार दिवस मी पियानोला दोष देत होतो आणि बाई खुर्चीवर बसून चहा पीत होत्या. नाताळ तीन आठवड्यांवर. पाचव्या दिवशी मी किल्ली खाली ठेवली आणि म्हटलं, बाई, याची बांधणीच चुकलीय, द्या भंगारात.

बाई म्हणाल्या, फिटर, पंगतीला बारा माणसं आहेत. तू अकरा जणांना पोटभर वाढलंस, आणि शेवटच्याच्या वेळी पातेलं खरवडतोयस. आता तो ओरडणार नाही तर काय करेल? मी म्हटलं, मग? त्या म्हणाल्या, प्रत्येकाच्या ताटातून एक एक घास काढ. प्रत्येक पंचम केसभर कमी ठेव. पूर्ण थांबू देऊ नकोस, दोन सेकंदांत एकदा हळूच हिंदकळला पाहिजे. मी म्हटलं, म्हणजे मुद्दाम बेसूर? त्या म्हणाल्या, हो, पण सगळे सारखेच बेसूर. त्यालाच पियानो म्हणतात.

खरं सांगतो, मला राग आला. बत्तीस वर्षं चूक शोधून काढायची नोकरी केली, वडिलांनी पंचमाच्या शपथा घातल्या, आणि ही बाई मला चूक करायला शिकवतेय, तीही मोजून. दोन दिवस गेलोच नाही. घरी बसून कमलच्या चुका काढायला लागलो, तेव्हा तीच म्हणाली, जा बाबा तुम्ही तठे.

गेलो. आणि कळलं की बरोबर लावणं सोपं, तिथे आवाज थांबतो, आपण थांबायचं. पण केसभर कमी ठेवायचं तर आधी बरोबर माहीत पाहिजे आणि मग तिथून स्वतःच्या हाताने मागे सरायचं. हात ऐकत नाही हो. हात जातोच बरोबरवर. मी मनात मोजायचो, एक, दोन, हिंदकळ, एक, दोन, हिंदकळ. बारा घरं फिरून जेव्हा पहिल्या पट्टीवर आलो आणि मांजर नव्हतं, तेव्हा बाईंनी बोट वर केलं नाही, काठी आपटली. माझे डोळे भरून आले, पण गालावर तारेची जखम होती, तिच्यावर ढकलून दिलं.

मुलाने फोनमध्ये ॲप टाकून दिलं होतं, सूर बरोबर असला की हिरवा दिवा. बाईंना न सांगता एकदा लावून पाहिलं. मधल्या पट्ट्यांना हिरवा. अगदी वरच्या टोकाला लाल. तिथे माझा कान पोचत नाही, बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मलाही तिथलं काही ऐकू येत नाही, मी इतके दिवस तू म्हणतोस त्याला हो म्हणत होते. मग वरच्या सात पट्ट्या तशाच सोडल्या. त्या कुठल्या गाण्यात लागतही नाहीत.

नाताळला मी आणि कमल मागच्या बाकावर. आधी शेठजींचं भाषण झालं, संगीत ही आत्म्याची भाषा आहे वगैरे, त्यांचा बॅनर पियानोपेक्षा मोठा होता. मग बाई बसल्या. वाकडी बोटं, सावकाश, एकच गाणं, पण सगळा हॉल गायला आणि कुठेच ओरखडा नाही. मी दुसरं काही ऐकलंच नाही, फक्त पंचम मोजत होतो. कमलला विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, वाजस ना? मंग झायं.

जानेवारीत कमिटीची बैठक झाली. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, बाईंनी मुद्दाम बोलावलं होतं. अध्यक्षांनी ठराव वाचला. पियानो आहे त्या जागी ठेवण्यात यावा. बाईंनी माझा हात दाबला. अध्यक्ष पुढे वाचत होते. कारण, भेट मिळालेल्या कीबोर्डसोबत स्टँड आलेला नसून, पियानोचे झाकण लावल्यास त्यावर कीबोर्ड व्यवस्थित बसतो.

मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, राहिला ना? मग हसून घे.

आता दर तीन महिन्यांनी जातो. आधी कीबोर्ड उचलून बाकावर ठेवतो, मग किल्ली काढतो. बाई अजून खुर्चीवर बसतात, रविवारी सगळे गेले की झाकण उघडून थोडं वाजवतात. माझी तक्रार काही नाही. उजवा कान जेवढे दिवस आहे तेवढे दिवस येईन, असं बाईंना सांगितलंय. देव सगळ्यांचं भलं करो, शेठजींचंही करो, ते निवडून आले. बाई त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करतात, की त्यांना कामाचा व्याप भरपूर मिळो आणि बारीकसारीक गोष्टी लक्षात न राहोत.

स्टँड अजून आलेला नाही.