उणे अठराचा चहा

तुम्ही म्हणता मी गप्प असते. बावड्यात सून म्हणून आले तेव्हा मीही तेच ठरवलं होतं, पण त्या फ्रीझरने गप्प राहू दिलं नाही. आईने कन्हेरीहून पाठवलेला आमरस त्यात ठेवला, तर तो वितळून आंबला. सासूबाईंनी निकालच दिला, "सारखं झाकण उघडून बघती. कसा टिकंल?"

फ्रीझरवरचा आकडा मात्र उणे अठरावर ठाम. मी म्हटलं, सेन्सर बिघडलाय, आत गारच आहे असं सांगतोय, म्हणून मशीन चालूच होत नाही. कुणी ऐकतंय होय!

इंदापूरहून मेकॅनिक आला. त्याने सेन्सर वायरसकट बाहेर काढला, आकडा बघितला आणि माझ्याकडे न बघता सासऱ्यांना म्हणाला, "आबा, सेन्सर एकदम ओके हाय. वहिनीस्नी सांगा, झाकण कमी उघडा."

मी तिथंच उभी होते, हातात त्याच्याचसाठी केलेला चहा. डोक्यात अशी तिडीक गेली! तो लोंबणारा सेन्सर धरला आणि सरळ वाफाळत्या चहात बुडवला. सगळे आकड्याकडे बघत राहिले. उणे अठरा.

"घ्या दादा," मी कप पुढे केला, "चहाचा बर्फ झालाय. फोडून प्या."

आबा खो खो हसले. मेकॅनिक नवा सेन्सर आणायला गाडीकडे गेला. आता तरी सासूबाई काही बोलतील, म्हणून मी थांबले.

बोलल्या ना! "हिचा हात कुठंच गप बसत न्हाय. तरी म्हणलं, रस नासला कसा!"