न मागता वाढलेलं पान

हं, टाळ जरा दमानं. पेटीवाले, सूर सोडू नका, नुसता धरून ठेवा. मंडळी, आज एकच प्रश्न विचारणार आहे. सोपा वाटेल. फसाल!

पंगत बसली आहे. केळीचं पान मांडलं आहे. पानावर बसलेला माणूस असा, की तो काही मागतच नाही. 'हे वाढा' म्हणत नाही, 'ते नको' म्हणत नाही. मागता येतं हेच त्याला ठाऊक नाही. सांगा, त्याच्या पानात काय वाढायचं?

खांबाला टेकलेले काका म्हणतात, सगळं वाढा. काका, ते तुमच्याकडे पाहून कळलंच होतं! पुढच्या वहिनी म्हणतात, त्यालाच विचारा. विचारलं हो वहिनी. तो नुसता हसतो.

मंडळी, हा प्रश्न पहिल्यांदा भगवंताला पडला. माणूस घडवला, आता त्याला आतलं काय कळू द्यायचं? सकाळची भाकरी या घटकेला तुमच्या पोटात आहे. तिचं रक्त होतंय. आला का काही निरोप? 'भाकरी निम्मी पचली, चटणी रांगेत आहे'? नाही ना! काळीज जन्मापासून ठोके देतंय, कधी हिशेब सांगितला? पण दाढ किडू द्या. तांदळाएवढी दाढ, अख्खा माणूस उठवून बसवते. काय झाकायचं आणि काय दाखवायचं, हे आपण मागितलं नव्हतं. लावूनच पाठवलंय. सत्तरी उलटली माझी, पण हा विचार आला की अजून हात जोडले जातात. बघा, आत्ताही जोडलेच.

तर भगवंताला पडलेला हा प्रश्न एकदा वेंगुर्ल्याच्या एका माणसाला पडला. ऐका.

सदानंद वेर्णेकर त्याचं नाव. काजूच्या बागेत घर, ओसरीवर एक टेबल, टेबलावर संगणक. काम काय? त्यानं एक कोठावळा बनवला होता. मठात कोठावळा असतो ना, कोठीघराची किल्ली कमरेला लावणारा? तसाच, पण संगणकातला. संगणकात लहान लहान प्रोग्राम असतात आणि एकाचं दुसऱ्यावाचून चालत नाही. तुम्ही म्हणायचं, मला अमुक प्रोग्राम हवा. कोठावळा तो आणतो, त्याच्याबरोबर त्याचं सगळं गोत आणतो. लग्नाचं आमंत्रण एकाला, जीपमधून उतरतात चौदा! आणि नव्या पाहुण्याचं जुन्या कोणाशी पटत नसेल, तर त्या जुन्याला बाहेरही काढतो. हे करताना काय चाललंय ते पडद्यावर लिहीत जातो.

किती लिहायचं, कसं लिहायचं, कुठल्या रंगात, यासाठी सदानंदानं त्र्याऐंशी कळा ठेवल्या होत्या. ज्याला जसं हवं तसं त्यानं फिरवून घ्यावं. आणि कळ न फिरवणाऱ्याला? त्याला मुळात लावून दिलेलं असेल ते. शहाणी माणसं त्याला डिफॉल्ट म्हणतात. मी म्हणतो, न मागता वाढलेलं पान.

हा कोठावळा किती ठिकाणी नांदत होता म्हणाल? मोजदाद नाही! शाळांत, दवाखान्यांत, उत्तरेच्या बर्फात मासे मोजत फिरणाऱ्या एका जहाजावरसुद्धा. त्या जहाजावरच्या खलाशानं वेंगुर्ल्याला नाताळची शुभेच्छा पाठवली होती, ती मी या डोळ्यांनी पाहिली आहे. हसू नका, खरं आहे. निदान माझ्याइतकं तरी खरं आहे.

एके दिवशी दुपारी सदानंदाच्या अंगणात एक म्हातारा उभा. काळा चष्मा, हातात काठी आणि खांद्याला तंबोऱ्याच्या भोपळ्याची पेटी. मिरजेहून आलेला. हे दस्तगीरचाचा. चाळीस वर्षं तंबोऱ्याची जवारी लावणारा माणूस. जवारी म्हणजे काय, तर तारा जिथे टेकतात त्या घोडीवर, तारेखाली दोऱ्याचा एक तुकडा सरकवतात, केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि एका जागी ती मुकी तार गुणगुणायला लागते. ती जागा डोळ्यांनी सापडत नाही, म्हणून चाचांची दृष्टी गेली तरी काम अडलं नव्हतं. पण आता बोटं थरथरायला लागली होती. तेव्हा चाचांनी ठरवलं, बोटं जायच्या आत बोटांतलं लिहून ठेवायचं. संगणक घेतला, त्यात एक वाणी होती. चाचा टंकणार, वाणी वाचून दाखवणार. असं निम्मं पुस्तक झालं होतं.

पेटी उघडली. आत भोपळा नव्हता, गोधडीत गुंडाळलेला संगणक होता. आंबोलीच्या घाटात कंडक्टरनं विचारलं होतं, बाबा, आत काय आहे? चाचा म्हणाले होते, मुका झालेला दोस्त आहे.

चाचांनी ओसरीवर बसून सांगितलं ते असं. अकरा दिवसांपूर्वी कोठावळ्याला म्हटलं, जुनं झालेलं सगळं नवं कर. त्यानं बरंच काही वाचून दाखवलं, शेवटी विचारलं, करू का? चाचांनी एंटर दाबला. आणि वाणी गेली. पुस्तक आत आहे, पण दाराला जीभ नाही. मिरजेत दोघातिघांना दाखवलं, त्यांनी पडद्यावर सगळं ठीक दिसतंय म्हणून सांगितलं.

सदानंद म्हणाला, "असं व्हायचं नाही हो. काय काढणार ते कोठावळा वेगळं दाखवतो. हे बघा ना." आणि जीभ चावली त्यानं.

चाचा हसले. "दाखवतो की. मी नाही कुठं म्हटलं? तुमच्या घरच्या विहिरीचं पाणी गोडच असणार साहेब. गावच्या नळाला काय येतं, ते कधी पिऊन बघितलं का?"

मंडळी, हा घाव वर्मी लागला. कारण सदानंदानं पंधरा वर्षांपूर्वी त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी कळा आपल्या मनासारख्या फिरवून घेतल्या होत्या. त्याच्या पडद्यावर, काढून टाकायची नावं सगळ्यात खाली, स्वच्छ, मोजून मांडलेली. तो समजत होता, जगाला हेच दिसतं. त्यानं वाढलेलं पान लाखो माणसं जेवत होती आणि त्या पानावर तो स्वतः एकदाही बसला नव्हता! फक्त तोच नव्हे, त्याला मदत करणारे देशोदेशीचे तीनशे पंडित, त्यांचंही तेच. जो जितका मोठा जाणकार, तितकं त्याचं पान वेगळं.

सदानंदानं वाणी पाच मिनिटांत परत आणली. चाचांनी पहिल्यांदा काय केलं? पुस्तकातलं एक वाक्य वाचायला लावलं. वाणी बोलली आणि चाचांनी खिशातून रुमाल काढला.

मग चाचा म्हणाले, "आता पुन्हा करा."

"काय?"

"तेच, आवाज जाण्याआधीचं. पण या वेळी तुम्ही पडदा झाकून ऐकायचं."

सदानंदानं संगणक अकरा दिवस मागं नेला, पडद्यावर पंचा टाकला आणि डोळे मिटून बसला. कोठावळा कामाला लागला, वाणी वाचू लागली. प्रगती दाखवायला सदानंदानं मोठ्या हौसेनं रेघांची पट्टी काढली होती. वाणी वाचते आहे, रेघ, रेघ, रेघ, रेघ... पन्नास रेघा! मग नावं. दोनशे चौदा नावं, एका सुरात. येणारी नावं हिरवी आणि जाणारी लाल. पण मंडळी, कानाला लाल काय आणि हिरवं काय?

आणि एकशे सदतिसावं नाव आलं. सदानंद ताठ झाला. ते नाव वाणीचं होतं! ती स्वतःचं मरण वाचून दाखवत होती. आवाज हलला नाही, गती बदलली नाही. एकशे छत्तीस झालं, एकशे सदतीस झालं, एकशे अडतीस. आणि शेवटी तिनंच विचारलं, करू का? नुसता एंटर दाबला तर उत्तर 'हो' धरलेलं. तेही सदानंदानंच ठरवलेलं.

कोठावळा खोटं बोलला नव्हता. सगळं सांगितलं होतं. सगळं सांगून काहीच सांगितलं नव्हतं! काका, ऐकताय ना? सगळं वाढा म्हणाला होतात तुम्ही.

तेवढ्यात आतून हाक आली, जेवण तयार आहे. सदानंदाची बायको शालनवहिनी. आता जरा नाकं मुरडू नका, कोकणातलं घर आहे, पाहुणा दुपारचा आला तर ताटात बांगडा येणार. मी शाकाहारी माणूस, मी फक्त गोष्टीतला बांगडा खातो.

वहिनींनी पान वाढलं. त्या बांगड्यात तिरफळं होती, नारळ होता, कोकम होतं, सकाळपासूनची मेहनत होती. त्यांनी यातलं एक अक्षर सांगितलं नाही. चाचांचा हात धरून पानाच्या कडेला टेकवला आणि म्हणाल्या, "चाचानु, मधी भात, उजव्या बाजूक आमटी, डाव्या बाजूक बांगडो. बांगड्याक काटो आसा, सांबाळून."

बस. इतकंच. आणि चुलीकडे वळल्या.

सदानंदाचा घास हातात राहिला. पंधरा वर्षं पंडितांशी वाद घालत होता, काय दाखवावं, किती दाखवावं. आणि बायकोनं एका वाक्यात पान मांडलं. कुठे काय आहे ते सांगितलं, आणि काटा सांगितला. काटा शेवटी सांगितला, म्हणजे तो शब्द कानात असतानाच हात पुढे जाईल. चाचांनी विचारलं नव्हतं. कोण विचारतं हो परक्याच्या घरी, काटा आहे का म्हणून?

त्याच दुपारी सदानंदानं चार ओळी बदलल्या. नावांची जंत्री न मागता दाखवायची नाही, हवी त्यानं मागावी. रेघा बंद. आधी साध्या शब्दांत, इतक्या वस्तू येणार. मग अगदी शेवटी, प्रश्नाच्या लगेच आधी, इतक्या जाणार आणि त्या कोणत्या. नावापुढे ती काय काम करते, तेही. रंग असला तर असो, पण रंगावर काही टांगायचं नाही. आणि काही जाणार असेल तर नुसत्या एंटरचा अर्थ 'नाही'.

पंडितांकडे पाठवलं. गहजब! तीनशे पत्रं. एक म्हणे, लोक घाबरतील. दुसरा म्हणे, आम्हाला तर कधी अडचण आली नाही. तिसऱ्यानं लिहिलं, ज्याला हवं त्यानं कळ फिरवावी, कळ आहे ना!

सदानंदानं वाद घातला नाही. त्यानं एक अट घातली. आठ दिवस सगळ्यांनी आपापल्या कळा काढून ठेवायच्या. कोऱ्या पानावर जेवायचं. मग बोलायचं.

पहिल्या दिवशी थट्टा झाली. चौथ्या दिवशी पत्रं थांबली. आठव्या दिवशी सगळ्यात जास्त भांडणारा जो होता, त्याचं एका ओळीचं पत्र आलं. लिहिलं होतं, 'हे आपण लोकांना देत होतो?'

चार ओळी गेल्या, मंडळी. वेंगुर्ल्याच्या ओसरीवरून निघाल्या आणि दवाखान्यांत पोचल्या, शाळांत पोचल्या, बर्फातल्या त्या जहाजावर पोचल्या. कुणाला पत्ता नाही. ज्यांचं काही बिघडलं नाही, त्यांना कधी कळणार की ते का बिघडलं नाही? काळजाच्या ठोक्याचे आभार मानलेत कधी?

आणि चाचा? मिरजेला परतले, लिहू लागले. तीन महिन्यांनी शेवटचं प्रकरण चाललं होतं. बोटं आता फारच हलत होती. कोठावळ्यानं सुचवलं, नवं करून घ्या. चाचांनी म्हटलं, कर. वाणी बोलू लागली. 'साठ वस्तू नव्या येणार.' मग थोडी थांबली. 'एक वस्तू जाणार. वाणी. ही लिहिलेलं वाचून दाखवते. करू का?'

आणि चाचांचा हात! जुनी सवय असो नाहीतर थरथर असो, ऐकता ऐकताच बोट एंटरवर पडलं.

पेटीवाले, सूर थांबवा जरा.

समोरून काही आवाज नाही. एक श्वास गेला. दुसरा गेला. आणि वाणी म्हणाली, 'काही काढलेलं नाही. सगळं होतं तसंच आहे.'

जी जाणार होती तिनंच सांगितलं, मी आहे! मंडळी, याला काय म्हणायचं? तिकडे सदानंद त्या वेळी काजू वाळत घालत होता. त्याला ठाऊकही नाही. चुकलेल्या बोटाची काळजी त्यानं तीन महिने आधी करून ठेवली होती, न मागता.

तुम्ही म्हणाल, बुवा, हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं? मी थापाड्या आहे हे पंचक्रोशीत माहीत आहे. पुरावा देतो. ही माझ्या मागे तंबोरा घेऊन बसलेली मिरजेची नूरजहाँ, चाचांची पुतणी. चाचा गेले, त्याला दोन वर्षं झाली. जवारी ही चाचांच्या हाताखाली शिकली नाही, त्या पुस्तकावरून शिकली. शेवटच्या प्रकरणावरून. छेड बेटा.

...ऐकलंत? हं. हा तो सूर.

आता तुमच्याकडे वळतो, सुटका नाही. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं कोठावळे? अहो, प्रत्येक घरात तुम्हीच वाढपी! नवी सून आली, काही विचारत नाही. म्हातारा बाप कोपऱ्यात बसलाय, काही मागत नाही. त्यांना न मागता तुमच्या तोंडावर काय दिसतं? दोनशे चौदा तक्रारी दिसतात, हो ना? आणि ज्या एका गोष्टीनं त्यांचं काहीतरी उद्या मोडणार आहे, ती पोटात ठेवता. नंतर कपाळाला हात लावून म्हणता, 'विचारलं असतंस तर सांगितलं असतं.'

तो विचारणार नाही! विचारता येतं, हेच त्याला ठाऊक नाही. म्हणून आज घरी गेलात की एकदा आपल्याच घरात परक्यासारखे शिरा. आपणच मांडलेल्या कोऱ्या पानावर बसा आणि बघा काय वाढलं जातंय. मग उठा, शेजारच्याचा हात धरा, पानाच्या कडेला टेकवा.

मसाला सांगू नका. काटा सांगा.

बोला, ज्यानं न मागता श्वास दिला, त्याच्या नावानं. नूर, सूर चालू ठेव.