हिरवा गणपती

कीर्तनाला पुढची जागा मिळावी म्हणून कॅन्टोन्मेंटमधल्या गणपतीच्या मांडवात लवकर जाऊन बसलो. शेजारीच मुलांच्या चित्रस्पर्धेची रांग होती. रांगेत एक आई आणि तिची छोटी मुलगी.

“नाव विचारलं की नीट सांगायचं, अर्पिता.”

“चित्र तू रंगवलंस. तुझं नाव सांग.”

“मी फक्त वरून शेंदरी रंग दिला. हिरवा गणपती कुणी पाहिलाय का?”

“नाही. दिसू नये म्हणून तर हिरवा केला होता.”

“म्हणजे?”

“तो बाबांबरोबर बॉर्डरवर जाणार होता. त्यांच्या वर्दीसारखा हिरवा. झाडीत लपला असता.”

“अगं, पण लोक हसले असते, बाळा.”

“हसू देत ना. आता तो सबको दिखेगा. गोळी मारतील त्याला.”

रांग पुढे सरकली. आई सरकली नाही. टेबलापाशी चित्रं जमा करणाऱ्या कार्यकर्त्याने हाक मारली.

“या वहिनी, द्या चित्र. मुलीचं नाव?”

“भाऊ, एक कोरा कागद मिळेल का?” आईने विचारलं.

“आता? कीर्तन सुरू होतंय. वेळ संपली स्पर्धेची.”

“स्पर्धेसाठी नकोय.”