मेसेज वाचणारं ॲप

मुलगा : ते निळं ॲप मला सांगूच नकोस, आई. निळ्यात प्रत्येक खर्च हाताने टाकावा लागतो. तू टाकणार आहेस का रोज?

आई : टाकीन की. बत्तीस वर्षं वॉर्डात पेशंटचे चार्ट भरले मी. ताप, नाडी, बीपी, दर दोन तासांनी. भाजी नि साबण लिहायला जमणार नाही होय?

मुलगा : जमेल, पण विसरशील. हिरवं ॲप बँकेचे मेसेज स्वतः वाचतं. पैसे गेले रे गेले की नोंद. किती गेले, कुणाला गेले, सगळं आपोआप.

आई : आणि ते तुझ्या फोनवर दिसणार.

मुलगा : ‘कुटुंब’ म्हणून एक बटण आहे. ते चालू केलं तर दिसेल.

आई : मग निळंच बरं.

मुलगा : का पण?

आई : हिरव्याला दर महिन्याला पैसे पडतात. निळं फुकट आहे.

मुलगा : ते मी भरतो. आई, इकडे बघ. टेबल पुसणं थांबव जरा, चौथ्यांदा पुसतेयस.

आई : तुझ्याच कपाचा डाग आहे.

मुलगा : डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन आला होता. तू उचलत नाहीस म्हणून मला केला. मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसऱ्यांदा पुढे ढकललंस. पैशांची सोय झाली की कळवते म्हणालीस. पेन्शन वेळेवर येते, घर आपलं आहे. सोय का होत नाही?

आई : महागाई.

मुलगा : खालच्या मजल्यावरचे मास्तर पण हेच म्हणायचे. सहा महिने. मग कळलं, फोनवरून कुणीतरी त्यांना पार लुबाडलं होतं.

आई : मास्तर भोळे आहेत. मी सिस्टर होते. खोटं बोलणारा पेशंट मला दारातूनच कळायचा.

मुलगा : मग दाखव ना बँकेचे मेसेज.

आई : नाही.

मुलगा : आई!

आई : आवाज खाली. तुझे बाबा गेले तेव्हा तूच म्हणालास, आता तुझे पैसे तुझे, कुणाला हिशेब देऊ नकोस. फार बरं वाटलं होतं रे मला. सगळी नोकरी पगार त्यांच्या हातात दिला आणि बसभाडं मागून घेतलं.

मुलगा : मी बाबा नाहीये. मला भीती वाटतेय, कळतंय का तुला? म्हणून… मघाशीच घातलंय मी ते. हिरवं. तू आंघोळीला गेलीस तेव्हा.

आई : माझ्या फोनमध्ये?

मुलगा : मागचे मेसेज वाचत होतं. हे बघ, झालं वाचून.

आई : दे तो इकडे. आत्ताच्या आत्ता दे.

मुलगा : पाच तारीख, साडेसहा हजार. परत पाच तारीख, साडेसहा हजार. मार्च, एप्रिल, मे… आठ वेळा! ‘धागा शिवणघर’. एवढं काय शिवून घेतलंस? कोण आहे हा माणूस? मी सरळ पोलिसांकडे जातो.

आई : खाली बस.

मुलगा : आधी सांग, कोण आहे?

आई : माणूस नाही, बाई आहे. तुझी बायको होती ती. वेगळी झाल्यावर दुकान टाकलं तिने. त्याचं नाव तुला कुठून माहीत असणार?

(मुलगा फोन टेबलावर पालथा ठेवतो.)

मुलगा : तिने मागितले?

आई : ती? ती माझ्याकडे पाणीसुद्धा मागायची नाही. मी शाळेबाहेर गेले होते, चिमणीला लांबून बघायला. तुझी पोरगी पाठीवर दप्तर घेऊन एकटी चालत निघालेली. म्हणाली, आजी, आईने बस बंद केली. एका बुटातून अंगठा बाहेर. तेव्हा कळलं मला, तू फेब्रुवारीपासून पैसे पाठवणं बंद केलंयस.

मुलगा : ती मला भेटू देत नव्हती चिमणीला! दोन रविवार दाराबाहेर उभा राहून परत आलोय मी. तू माझी आई आहेस की तिची?

आई : मी चिमणीची आजी आहे. तुम्ही दोघं खुशाल भांडा, कोर्टात जा. पोरीची बस कशाला मधे घेतलीस?

मुलगा : मला सांगायचंस.

आई : सांगितलं असतं तर माझंही बंद करायला लावलं असतंस. लावलं असतंस की नाही? खरं बोल.

मुलगा : … लावलं असतं. पण तुझे डोळे, आई?

आई : डाव्याने दिसतं अजून.

मुलगा : चिमणीला काय सांगितलंय? पैसे कुठून येतात म्हणून?

आई : तू पाठवतोस म्हणून.

मुलगा : मी?

आई : तिच्या आईला नव्हतं पटत. मी हात जोडले, तेव्हा कबूल झाली. पोरीने वर्गातही सांगितलं म्हणे, बसचे पैसे माझे बाबा भरतात.

मुलगा : … काढून टाकतो मी हे हिरवं.

आई : काढ. निळं माझं मी घालीन. कुठे काय दाबायचं तेवढं दाखव. आणि पुन्हा माझ्या फोनला न विचारता हात लावायचा नाही.

मुलगा : नाही लावणार. आई, ह्या पाच तारखेला तू पाठवू नकोस. ऑपरेशनची तारीख घे.

आई : आणि बस?

मुलगा : मी पाठवतो. मागचे आठ महिने तुला थोडे थोडे करून देतो.

आई : माझं राहू दे. पैसे टाकून मोकळा होऊ नकोस फक्त. रविवारच्या भेटीचं तिच्याशी बोल. आवाज न चढवता.

मुलगा : कसं बोलू? तिचा नंबर ब्लॉक करून ठेवलाय मी. फेब्रुवारीपासून.

आई : मग आधी तो उघड.