आवाज कुठे जातो

नागुमो : एकदा मोजून सांगते, मागाहून घोळ नको. एक फोन. त्याचं कव्हर. कव्हरला लटकवलेलं घुंगरू, चिरलेलं. इयरफोनच्या दोन जोड्या, एक चार्जर. आणि ही टूथपिक. इसोबेसान, टूथपिकपण दुरुस्तीला?

इसोबे : ती जाळीतला कचरा काढायला घेतली होती. घरीच करून पाहिलं थोडं. चुकलंच.

नागुमो : सगळे करतात. जाळीला भोक पाडलं नाहीत, हेच पुष्कळ. बरं, होतंय काय?

इसोबे : आवाज येत नाही. फोन उचलला की पलीकडे काहीच नाही. निरोप लावला तरी नाही.

नागुमो : कधीपासून?

इसोबे : दहा-बारा दिवस झाले असतील.

नागुमो : पाण्यात पडला? सूपमध्ये? खरं सांगा, मी बाहेर बोलत नाही. परवा एका आजोबांनी लोणच्याच्या बरणीत पाडला होता. अजून दुकानाला मुळ्याचा वास येतोय.

इसोबे : पडला नाही. मी जपून वापरते.

नागुमो : बघू. मॅनर मोड चालू आहे.

इसोबे : तो कायम असतो. चारचौघांत वाजला तर कसं दिसेल.

नागुमो : त्याने नुसती घंटी बंद होते, बोलणं नाही. म्हणजे ते नाही. आवाजाची पातळी ठीक. इयरफोनचं भोक साफ. कधी कधी तिथे धूळ बसते, फोनला वाटतं इयरफोन लावलेत, आणि तो सगळा आवाज तिकडेच पाठवत बसतो. तेही नाही. थांबा, मी दुकानाच्या फोनवरून लावते. उचला. हॅलो, हॅलो. येतंय?

इसोबे : येतंय.

नागुमो : कानातून येतंय की समोरून? मी पुढ्यातच उभी आहे म्हणून विचारते.

इसोबे : कानातून. स्वच्छ.

नागुमो : मग धडधाकट आहे की.

इसोबे : इथे येतो आवाज. मासळीच्या दुकानातही आला होता एकदा. घरी येत नाही.

नागुमो : दवाखान्याची पायरी चढली की ताप उतरतो, तसलं दुखणं. घरात कुठे बसून बोलता?

इसोबे : न्हाणीघरात.

नागुमो : न्हाणीघरात? अहो, वाफ लागते ना फोनला.

इसोबे : गार पाणी असतं. टबाचा नळ नुसता सोडून ठेवते. दार लावून घेते आणि बोलते.

नागुमो : म्हणजे कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

इसोबे : मुलगा असतो घरात.

नागुमो : लहान आहे?

इसोबे : अडतीस. खोलीत असतो. बाहेर येत नाही.

नागुमो : अच्छा. किती… नाही, राहू दे. माझं काम फोनचं.

इसोबे : नऊ वर्षं झाली. विचारलंत तरी चालतं. शेजारी विचारत नाहीत, नुसते बघतात.

नागुमो : एक निरोप लावून बघू का? रविवारचा दिसतोय, तेत्सुजी नावाचा.

इसोबे : माझा धाकटा भाऊ. तोच ऐकायचाय मला. त्याला परत फोन लावला तर तो बोलतो की नाही तेच कळेना.

फोनमधला आवाज : ताई, मी. फोन उचलतेस आणि बोलत नाहीस, म्हणून निरोप ठेवतोय. गुरुवारचं पक्कं झालं. सकाळी साडेनऊला त्या सुधार केंद्रातली चौघं कोहेईला न्यायला येतील. बाहेरच्या दाराची साखळी काढून ठेव, पुढचं ते बघतील. त्याने खोलीला आतून कडी लावली असेल तर बिजागऱ्याच काढतात, भिंतीला धक्का लागत नाही म्हणाले. त्याला आधी कळता कामा नये. आधी कळलं की ही माणसं काहीतरी करून बसतात, असं त्यांनीच सांगितलंय. तू हो म्हणालीस ते फार बरं केलंस. आता मागे फिरू नकोस.

नागुमो : माफ करा. मी लहान आवाजात लावायला हवा होता.

इसोबे : निदान ऐकायला तरी मिळाला.

नागुमो : रविवारीही लावून पाहिला होता तुम्ही?

इसोबे : पाच-सहा वेळा. येईचना. शेवटी आवाज पूर्ण वर नेला, तरी नाही.

नागुमो : नळ सोडलेला होता.

इसोबे : हो. दार घट्ट लावलेलं.

नागुमो : इसोबेसान, हा फोन नवा घेतला होता का तुम्ही?

इसोबे : नाही, त्याचाच आहे. कोहेईचा. पाच वर्षांपूर्वी एक दिवस जेवणाच्या ट्रेमध्ये रिकाम्या वाटीशेजारी ठेवून बाहेर सरकवला. वर चिठ्ठी नाही, काही नाही. माझा जुना, मधून दुमडणारा फोन तेव्हा मोडला होता. म्हटलं, चांगली वस्तू आहे, वापरावी.

नागुमो : सगळं पुसून घेतलं नाहीत आधी?

इसोबे : त्याने काढलेले फोटो होते आत. ते कशाला पुसायचे?

नागुमो : इथे एका स्पीकरचं नाव आहे. हा बघा. बिनतारी, छोटा. ओळखता?

इसोबे : डब्याएवढा, निळा. पहिल्या पगारातून आणला होता त्याने. तेव्हा कामाला जायचा. उशाशी ठेवायचा तो.

नागुमो : अजून त्याच्याच खोलीत असेल.

इसोबे : असेल. मी आत गेलेली नाही.

नागुमो : ते स्टूल ओढा आणि बसा. बसा आधी. हे बघा, फोन एकदा ओळख झालेल्या स्पीकरला विसरत नाही. स्पीकर बंद असतो तोवर काही होत नाही. कोणी तो चालू केला आणि फोन आठ-दहा मीटरच्या आत असला, की दोघं आपोआप जोडले जातात. मग फोनचा आवाज फोनमधून येत नाही. स्पीकरमधून येतो.

इसोबे : न्हाणीघर त्याच्या खोलीला लागून आहे.

नागुमो : हो.

इसोबे : मध्ये एकच भिंत आहे.

नागुमो : पाणी पिता का?

इसोबे : मी सहा वेळा लावला तो.

नागुमो : तुम्हाला माहीत नव्हतं.

इसोबे : पूर्ण आवाजात.

नागुमो : तो झोपलेला असेल. कानात काही घातलं असेल. ऐकलंच असेल असं नाही.

इसोबे : रविवारपासून ट्रे भरलेला परत येतोय. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. मी काल पेज ठेवली.

नागुमो : आणि फोनवर बोलायचात तेव्हा? भावाला तुमचा आवाज जायचा का?

इसोबे : नाही. मासळीच्या दुकानात आवाज आला तेव्हा तो म्हणाला, ताई, घरून तू बोलत नाहीस, नुसती टकटक येते. कळफलकावर बोटं चालतात तशी. आणि मी बोलायला लागलो की टकटक थांबते.

नागुमो : त्या स्पीकरला माइकही आहे. फोन जोडला गेला की बोलणंही तिथूनच उचलतो.

इसोबे : म्हणजे तेत्सुजी जे जे बोलला…

नागुमो : ते तिकडे वाजलं.

इसोबे : आणि तो हात थांबवून ऐकत होता.

नागुमो : आज मंगळवार आहे. आता तो… घरी एकटाच आहे ना?

इसोबे : निघताना आत पावलं वाजली. खिडकीपर्यंत आणि परत. मला भावाला फोन लावून द्या.

नागुमो : फोनच्या स्पीकरवर नको ना?

इसोबे : असू दे. आता कोणापासून लपवायचं?

तेत्सुजी : ताई? अरे वा, आज आवाज येतोय तुझा. दुरुस्त झाला वाटतं.

इसोबे : त्या लोकांना येऊ नका म्हणून सांग.

तेत्सुजी : झालं. मला ठाऊकच होतं. ऐन वेळी तू माघार घेणार, हे मी बायकोला सांगितलं होतं.

इसोबे : त्याला कळलंय.

तेत्सुजी : कसं कळलं? तू सांगितलंस?

इसोबे : मीच ऐकवलं.

तेत्सुजी : तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? ताई, तू सत्तरीची झालीस. उद्या तू पडलीस तर तो दार उघडून तुला उचलणार आहे का? दाराशी ट्रे कोण ठेवणार? मी? मला माझीच दोन पोरं आहेत.

इसोबे : तुझं खरं आहे.

तेत्सुजी : मग?

इसोबे : तरी त्यांना येऊ नका म्हणून सांग. तूच सांग, मला ते बोलायला लावतील आणि मी परत हो म्हणेन.

तेत्सुजी : ही शेवटची वेळ, ताई. पुढच्या वेळी मला फोन करू नकोस.

इसोबे : बरं.

नागुमो : ठेवला त्यांनी.

इसोबे : तो असाच आहे. लहानपणापासून आधी ठेवून देतो.

नागुमो : हे नाव मी आता काढून टाकते. एक बटण दाबायचं. मग तो स्पीकर चालू असला तरी फोन तिकडे जाणार नाही. तुमचं बोलणं तुमच्याच कानात.

इसोबे : काढू नका.

नागुमो : अहो, सगळं ऐकू जातंय त्याला.

इसोबे : नऊ वर्षं मी दाराबाहेर बसून बोलते. मी बोलायला लागले की आत इयरफोनमधलं गाणं वाढतं. फटीतून बारीक खरखर येते, ती मोठी होते. माझं एक वाक्य त्याने ऐकलेलं नाही. आणि हा स्पीकर त्याने बंद केला नाही. बंद करायला किती लागतं?

नागुमो : एक बोट.

इसोबे : मग यातून मला काही बोलता येईल का त्याच्याशी?

नागुमो : थेट नाही. पण तुमचा आवाज टेप करून ठेवता येईल, आणि तो लावला की तिकडे वाजेल. दाखवते. हा लाल गोळा दाबायचा, बोलायचं, पुन्हा दाबायचं. हा त्रिकोण म्हणजे ऐकवायचं. आणि हे पान उघडं ठेवा. इथे आवाजाचा आकडा दिसतो, शून्य ते पंधरा. आता आठ आहे.

इसोबे : लिहून द्याल?

नागुमो : देते. किती देऊ वगैरे विचारू नका, मी काही दुरुस्त केलेलं नाही.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. दुकानातला फोन वाजतो.)

नागुमो : नागुमो मोबाइल दुरुस्ती.

इसोबे : इसोबे बोलतेय. घरच्या फोनवरून. कामात आहात?

नागुमो : एका बाईंचा फोन उघडून ठेवलाय, आतून बिस्किटाचा चुरा निघतोय. बोला. तो… ठीक आहे?

इसोबे : सकाळी पावलं वाजली. ट्रे तसाच.

नागुमो : टेप केलंत का काही?

इसोबे : काल चार वेळा टेप केलं. पुसलं. आज एक जमलं. न्हाणीघरात गेले नाही, स्वयंपाकघरातच बसले. नळ सोडला नाही.

नागुमो : काय म्हणालात? सांगायचं नसेल तर नका सांगू.

इसोबे : म्हटलं, गुरुवारी कोणी येणार नाही. मामाला नको म्हणून सांगितलंय. पण मी हो म्हणाले होते, ते खरं आहे. मामाने माझ्याकडून वदवून घेतलं नाही. मीच म्हणाले. मला भीती वाटते, माझ्यामागे तुझं काय होईल याची. तेवढंच. माफ कर असं म्हणणार होते, पण ते मी नऊ वर्षं दाराशी म्हणत आलेय. ते ऐकून त्यालाही कंटाळा आला असेल.

नागुमो : लावलंत?

इसोबे : आता लावते. म्हणून तर फोन केला. एकटीने लावायला धीर होईना. तुम्ही काही बोलू नका, नुसत्या तिथे असा.

नागुमो : आहे.

इसोबे : त्रिकोण दाबला.

नागुमो : येतोय का आवाज? तिकडून?

इसोबे : येतोय. भिंतीपलीकडून. माझाच आवाज, पण म्हातारा वाटतोय. …नागुमोसान, तो आकडा खाली चाललाय. मी हात लावला नाही. फोन टेबलावर आहे.

नागुमो : किती?

इसोबे : सहा. चार. एक. शून्य. बिघडला का परत?

नागुमो : नाही. स्पीकरवर बटणं असतात. तिकडे कोणी आवाज कमी केला की तुमच्या फोनवरचा आकडाही उतरतो.

इसोबे : म्हणजे त्याने.

नागुमो : त्याने.

इसोबे : शून्य केला.

नागुमो : इसोबेसान, तुमच्या फोनच्या कडेला बटण आहे. वरचं दाबलंत की इथूनही वाढवता येईल. तिकडे त्याला ऐकावंच लागेल.

इसोबे : नको. त्याने कमी केलाय ना, मग असू दे कमी.

नागुमो : मग काय करता?

इसोबे : परत लावते.

नागुमो : शून्यावर? काहीच ऐकू जाणार नाही त्याला.

इसोबे : ठाऊक आहे. पण वाजत असेल ना तिथे. लावलं.

नागुमो : बरं.

इसोबे : संपलं. परत लावते. तुमच्या त्या बाई ताटकळल्या असतील.

नागुमो : बिस्किटवाल्या बाई वेळेवर कधी आल्यात? लावा तुम्ही.

इसोबे : तिसऱ्यांदा लावलं. माझं 'मीच म्हणाले' आता आलं असेल. पडद्यावरच्या रेघा उड्या मारतायत, त्यावरून कळतं.

नागुमो : आकडा?

इसोबे : शून्य.

नागुमो : मी आहे इथे.

इसोबे : चौथ्यांदा.

नागुमो : हं.

इसोबे : नागुमोसान.

नागुमो : बोला.

इसोबे : हलला.

नागुमो : किती झाला?

इसोबे : दोन.