झोपायचं ते मशीनवरच

निषाद हे लिहिणारच नव्हता. बसमधलं बोलणं कोण लिहून ठेवतं? पण पौडला एसटीत जयसिंग आणि धोंडाबाई हे जोडपं त्याच्या पुढच्या सीटवर येऊन बसलं आणि त्याने हेडफोन काढले.

"अवो, डोळं उघडा!"

"उघडंच हायेत."

"मग घोरतंय कोण, कंडक्टर?"

"डाक्टरनंच झोपायला सांगितलंय की."

"डोक्याला वायरी लावल्यावर! मेंदू झोपला की त्याच्या लाटा सावकाश व्हत्यात, त्यातच दोष घावतो म्हणले. एसटीत झोपलात तर तितं झोप लागंल का? परत म्हैन्यानं तारीख."

"मग जाऊ म्हैन्यानं."

"तवर ट्रॅक्टरला हात लावायचा न्हाई! परवा बसल्या बसल्या टक लावलीत, बांध ओलांडून थेट दादासाहेबांच्या कोबीत!"

"डोळं उघडं हुतं गं. मीच तितं न्हवतो."

"म्हणूनच चाललोय. सतराचा पाढा म्हणा."

"सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक... अगं, एकावन्न का?"

धोंडाबाई त्याच्या खांद्यावर मान टाकून घोरत होती. जयसिंग हळूच मागं वळला.

"पाव्हणं, तिला उठवू नगा. मला जागं ठेवायला ती बी रात्रभर जागलीया. आता पुण्यापत्तुर तुमी बोला माझ्याशी. काय बी बोला, पण थांबू नगा."

भुकूम आलं. निषादने मित्राला फोन लावला.

"अमोघ, मी भुकूमला उतरत नाहीये. हसू नकोस, इथे एका काकांना जागं ठेवायचंय. तुझा फ्रिज संध्याकाळी मी एकटा चौथ्या मजल्यावर चढवीन. शब्द देतो!"