अय्यूबशेठचा वसा

...नाही, तुम्हीच सांगा, अत्तराचा धंदा, आणि मालकाच्या हाताला वास कसला, तर कपड्याच्या साबणाचा! गिऱ्हाईक मनगट पुढे करतं, अय्यूबशेठ मोगऱ्याचं बोट लावतात, लावलं की उठले, निघाले नळाकडे... "हे शेवटचं हं!" अहो, त्यांच्या-माझ्या दुकानांना मिळून नळ एकच. मी बाहेर लोटा घेऊन तिष्ठतोय, आणि आत शेवटचं चाललंय!

तुम्हाला सांगतो, माणूस सोन्यासारखा. पण मनात शंका आली की संपलं. हात धुतला का? धुतला. नीट धुतला का? आता याचं उत्तर कोण देणार? डोक्यात कोर्टच भरायचं, तारखांवर तारखा, आणि साबणाची वडी झिजून कागद. "हे शेवटचं हं!"

आणि मग आला की कोरोना! जे पनवेल हसत होतं तेच फोन करून विचारतंय, "शेठ, अंगठा कसा घासायचा? नखांचं काय करायचं?" शेठ एकदम प्रोफेसर! पळस्पे फाट्यावर ट्रक नाही, खांदा कॉलनीत भरदुपारी कोकिळा ऐकू येतेय, आणि शेठ आपले बेसिनपाशी, फेसात डोळे लावून. त्या फेसात म्हणे त्यांना स्वप्न दिसायचं... अख्खं पनवेल वडाळे तलावाच्या काठी हात धुतंय, फुगे वर चाललेत, फुग्याफुग्यात एकेक प्रबळगड तरंगतोय, आणि शेठ एकटेच पायरीवर बसून आंबा खातायत. कोपरापर्यंत रस! आणि धुवावंसं वाटतच नाहीये! नेमकी तेव्हाच बायकोची, मुबीनाभाभींची हाक, "अहो, कातडं सोलून निघेल!" फुगा फुटला, आंबा गेला. "हे शेवटचं हं!"

त्यातच लेक अस्मा माहेरी बाळंत झाली. नात, यूम्ना. शेठ तिला घ्यायला निघायचे ते बेसिनपर्यंत पोचायचे. धुऊन यायचे तर दाराची कडी हाताला लागायची, की परत! पोरगी पालथी पडायला लागली, आजोबांचा हात काही लागला नाही. आणि विमानं सुरू झाली. जावयानं कुवेतहून तिकीट धाडलं.

"अब्बा, उद्या निघायचंय. आज तरी घ्या ना हिला!"

निघाले शेठ... बेसिनकडे.

दारात भाजीवाली गोदूबाई. "शेट नातीला घेत का नाय वो?"

भाभी ओढणीनं डोळे पुसत म्हणाल्या, "काय सांगू, वसवसा आहे त्यांना."

आता त्यांच्यात वसवसा म्हणजे कानाशी कुजबुजणारी शंका. डॉक्टरांच्या भाषेत आजार, गोळ्याही चालू होत्या. पण गोदूबाईच्या कानात शिरला तो नुसता वसा!

"आगो बाय! हात धुवाचा वसा घेतलाय? मंग आदी नाय का सांगाचं! आमचे सासूनं पन घेतलेला सोमवारचा. पन शेट, उद्यापन कवा? उद्यापनाबिगर वसा सुटंल कसा? बसा खाली! दे गो पोरीला मांडीवर. पोर मांडीवर घेतलं का झालं उद्यापन!"

शेठ नळ बंद करून वळले. मौलवी म्हणाले होते, लक्ष देऊ नका. डॉक्टर म्हणाले होते, शंका आली तरी धुवायला उठू नका. पण हे संपतं, आणि संपवायचा विधीसुद्धा असतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं हो!

बसले. ओल्या हातांनीच. अस्मानं पोरगी मांडीवर ठेवली. आणि पोरीनं काय करावं? आजोबांचं पांढरंफटक पडलेलं बोट धरलं, आणि सरळ तोंडात! शेठचे डोळे मिटलेले, गालावर पाणी. आता उठणार... आता उठणार... नाही उठले! कोपरापर्यंत लाळ, आणि बसलेत आपले, तलावाच्या पायरीवर बसल्यासारखे!

मग सुटला का वसा? कुठला! यूम्ना कुवेतला, शेठ नळावर. फक्त ते एक बोट पाण्याबाहेर ताठ धरतात. त्याला थेंब लागू देत नाहीत. भाभी म्हणतात, सुधारणा आहे. असेल हो! पण तुम्हीच सांगा, एक बोट कोरडं ठेवून बाकीची नऊ धुवायची, म्हणजे वेळ कमी लागणार का जास्त?... मी उभा आहेच बाहेर, लोटा घेऊन.